भालचंद्राची नोंदवही

भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या एका घरात बाहेरच्या खोलीतल्या फडताळावर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक रास्पबेरी पाय, त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. आणि लाल कापडी पाठीची दोनशे पानी वही. त्या छोट्या संगणकावर बॉट, म्हणजे ग्रुपवर आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, चालतो. वहीत त्या बॉटचं आजवरचं दुखणंखुपणं आहे: तारीख, वेळ, काय बिघडलं, आधी कोणाच्या लक्षात आलं, काय केलं, उद्यासाठी काय राहिलं.

वहीची कल्पना बॉट लिहिणाऱ्याच्या बाबांची. भिलाई इस्पात संयंत्रात त्यांनी पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी रेल मिलमध्ये. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून हे गाव पाळ्यांच्या घड्याळावर जगत आलं आहे. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती लॉगबुक देतो. तोंडी निरोपावर तिथे कोणी विसंबत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात मुलाचा बॉट पहिल्यांदा बंद पडला आणि तो दोन तास डोकं धरून बसला, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "लॉगबुक कुठंय?"

सर्व्हरवर फाईल असते, असं मुलाने सांगितलं.

"ती मशीनने लिहिलेली. तू लिहिलेली कुठंय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सिव्हिक सेंटरला गेले आणि वही घेऊन आले.

मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे. दुर्ग-भिलाईच्या दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, मार्च आला की रात्ररात्र त्यांच्या गल्ल्यांवर बसणं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. बॉटचं काम रात्री जेवणानंतरचं. त्याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत आणि कोणी देऊही केले तरी घेणार नाही, कारण ज्यांच्यासाठी तो बॉट आहे त्यांच्या घरच्या चकल्या खाऊन तो मोठा झाला आहे.

भिलाईची टाउनशिप ज्यांनी पाहिली नसेल त्यांना हे सांगायला हवं की इथे शेजार कारखान्याने ठरवलेला असतो. एका सडकेवर मल्याळी, पुढच्या क्वार्टरात तेलुगू, त्यापुढे बंगाली, मग पंजाबी, मग आपण. सेक्टर ६ मध्येच कालीबाडी आहे, जामा मशीद आहे, गुरुद्वारा आहे. मराठी माणसं छत्तीसगडला नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून रायपूर-बिलासपूरकडे मराठी घरं आहेत. पण भिलाईतली मराठी वस्ती त्या पिढीची नाही. ती कारखान्याबरोबर आली, बरीचशी विदर्भातून, टिनाची ट्रंक घेऊन. आणि कारखान्याबरोबर आलेल्यांचं एक दुखणं असतं. निवृत्ती आली की बहुतेकांना क्वार्टर सोडावं लागतं. मग कोणी नागपूरला जातं, कोणी मुलाकडे पुण्याला, कोणी थेट न्यू जर्सीला. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं महिन्याभरात पांगतात.

त्यांना एकत्र ठेवण्यासाठी आधी व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता. तेव्हा तिथे २५६ माणसांची मर्यादा होती, म्हणून दोन ग्रुप झाले, आणि दोन ग्रुपांत कोणी कोणाला वगळलं यावरून रुसवेफुगवे सुरू झाले. मग सगळे टेलिग्रामवर आले. टेलिग्रामने जून २०१५ मध्ये बॉट लिहिण्याचं दार सर्वांना उघडलं होतं. बॉटफादर नावाच्या त्यांच्या बॉटशी चार वाक्यं बोलायची, नाव सांगायचं, की एक लांबलचक टोकन मिळतं. तेवढ्या किल्लीवर तुमचा प्रोग्रॅम ग्रुपमध्ये येऊन बसतो. मुलाने २०१६ च्या गणपतीआधी, आठ दिवसांत, पायथॉनमध्ये बॉट लिहिला. नाव ठेवलं भालचंद्र. टाउनशिपच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा भालू केला. तेच नाव राहिलं.

बॉटची ओळख त्याला कॉलेजात असतानाच झाली होती, आयआरसीवर. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली तयार केलेली ही गप्पांची जुनी पद्धत. तिथल्या चॅनेलची मालकी कुठे लिहिलेली नसे. ज्याच्याकडे ऑपरेटरचे अधिकार, त्याचं चॅनेल. ते अधिकार असलेली सगळी माणसं झोपायला गेली आणि जोडणी तुटली की कोणीही आगंतुक चॅनेल बळकावू शके. डिसेंबर १९९३ मध्ये रॉबी पॉइंटर यांनी लिहिलेला एगड्रॉप हा बॉट याच भीतीतून जन्मला. माणसं झोपली तरी तो चॅनेलवर जागा राहायचा, ओळखीच्यांना अधिकार द्यायचा, गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा. तीस वर्षं उलटली तरी एगड्रॉप अजून चालू आहे आणि माणसं त्याची देखभाल करत आहेत. म्हणजे बॉटच्या घराण्यातला हा थोरला मुळात बोलण्यासाठी ठेवलेलाच नव्हता. तो रात्रपाळीचा माणूस होता. ही गोष्ट त्याला कॉलेजात असताना ठाऊक होती, आणि स्वतःचा बॉट लिहिताना तो ती साफ विसरला.

भालूची पहिली आवृत्ती फार बोलकी होती. सकाळी सुप्रभात, वाढदिवसाला शुभेच्छा, सामना असला की धावसंख्या, नवा सदस्य आला की स्वागत, कोणी भिलाईचं नाव घेतलं की भिलाईबद्दल एक माहिती. चाळीसेक प्रकारची उत्तरं त्याला येत होती.

वहीतली पहिली नोंद वेळेची आहे. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालायचं, आणि गणपतीत सकाळी ७ वाजताच्या आरतीची आठवण दुपारी साडेबाराला गेली. बरोबर साडेपाच तासांचा फरक. हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं, पुढे जाऊ. दुसरी नोंद स्वागताची. गणपतीच्या तिसऱ्या संध्याकाळी मंडपात कोणीतरी ग्रुपचा क्यूआर कोड चिकटवला आणि बघता बघता साठएक माणसं आत आली. भालूने प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत सुरू केलं. एका ग्रुपमध्ये मिनिटाला वीसपेक्षा जास्त संदेश टेलिग्राम बॉटला पाठवू देत नाही. मर्यादा ओलांडली की सर्व्हर सांगतो, इतके सेकंद थांब. भालू थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. त्या स्वागतांच्या ढिगाखाली एका आजोबांनी हरवलेल्या चष्म्याबद्दल लिहिलेला संदेश गाडला गेला. रात्री त्याने स्वागताचा तो भाग काढून टाकला. वहीत लिहिलं: "स्वागत बंद. माणसं करतील."

भाषेचं प्रकरण मात्र महिनोन्महिने चाललं, आणि वहीची सर्वाधिक पानं त्यावर खर्च झाली आहेत.

मजकुरातून शब्द वेगळे काढायचे तर पायथॉनमध्ये रेगेक्सची, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्याच्या साधनाची, एक ठरलेली खूण आहे, बॅकस्लॅश-डब्ल्यू. पुस्तकात लिहिलेलं असतं की ती 'शब्दातलं अक्षर' ओळखते. इंग्रजीत ओळखते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये अक्षरांच्या नव्हे, जोडचिन्हांच्या गटात आहेत, आणि पायथॉनचं नेहमीचं रेगेक्स त्यांना शब्दाबाहेर टाकतं. त्यामुळे 'भिलाई'चे तीन तुकडे होतात: भ, ल, ई. 'गणपती'चा होतो गणपत. 'चंद्रोदय'चं तर पीठच होतं: च, द, र, दय. त्याला आठवडाभर कळेना की लोक नीट विचारत असताना बॉट गप्प का. शेवटी एका रात्री त्याने बॉटला दिसणारे शब्द पडद्यावर छापून पाहिले आणि समोर ही हाडं पडलेली दिसली. आपली भाषा मात्रांवर चालते, आणि प्रोग्रॅमिंगच्या एका लोकप्रिय भाषेचं रोजच्या वापरातलं साधन त्या मात्रांना अक्षर मानत नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं. पंचविशीतल्या इंजिनियरला अशा गोष्टीचं वाईट वाटत नाही. तिशीत वाटतं. इलाज सोपा होता. देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा सगळा पट्टा हाताने लिहून द्यायचा. तो त्याने दिला.

मग दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द निघाले. 'दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम' असं दोन काकूंनी विचारलं, एकीला उत्तर मिळालं, दुसरीला नाही. एकीच्या कळफलकावर दुसऱ्यातला तो अर्धा र ऱ या वेगळ्या अक्षरातून येत होता. दुसरीच्या फोनवर तो साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक असा बनत होता. डोळ्याला काडीचा फरक नाही. यंत्राला दोन वेगळे शब्द. आता भालू काहीही वाचण्याआधी असे सगळे पर्याय एका रूपात आणून घेतो.

आणि एवढं करूनही लोक पुस्तकी मराठीत विचारत नाहीतच. भिलाईचं मराठी घरात वऱ्हाडी वळणाचं, बाजारात हिंदी, मधूनच छत्तीसगढी, आणि टाइप करताना बहुधा रोमन लिपीत. "भालू, चांद कवा निघन रे?" असं एक आजी विचारत. त्यांचा नातू हिंदीत तेच विचारी. सेक्टर ६ हा पत्तासुद्धा सहा-सात प्रकारांनी लिहिला जाई, कधी मराठी आकड्यात, कधी इंग्रजी, कधी नुसतं 'से-६'. (आकड्यांपुरतं पायथॉनचं कौतुक करायला हवं. त्याला मराठी ६ आणि इंग्रजी सहा एकच आहेत.) त्याने शब्दकोश वाढवण्याचा खटाटोप केला नाही. आठवडाभर लोकांनी भालूला उद्देशून जे जे विचारलं ते वहीत उतरवून काढलं आणि त्यातले प्रश्न मोजले. विचारणाऱ्यांना सामना नको होता, सुविचार नको होते. निम्म्याहून अधिक वेळा प्रश्न एकच होता.

चंद्रोदय किती वाजता?

संकष्टीचा उपास चंद्र पाहून सुटतो, आणि चंद्र सगळीकडे एका वेळी उगवत नाही. पुणे सुमारे ७३.९ अंश पूर्व रेखांशावर, भिलाई ८१.४ वर. साडेसात अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे भिलाईत चंद्र पुण्यापेक्षा साधारण अर्धा तास आधी येतो. नागपूरपेक्षाही नऊ-दहा मिनिटं आधी. पुण्याच्या सुनेने पाठवलेल्या वेळेवर विसंबून इथल्या सासूबाई अर्धा तास जास्त उपाशी राहत होत्या, आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याने पायईफेम नावाची खगोलगणिताची लायब्ररी घेतली, तिला भिलाईचे अक्षांश-रेखांश दिले, मिळालेल्या वेळेत साडेपाच तास मिळवले, आणि तीन संकष्ट्यांना गच्चीवर उभं राहून घड्याळ लावून पाहिलं. गच्चीवर चंद्र गणितापेक्षा दोन-चार मिनिटं उशिरा दिसायचा, कारण पूर्वेला झाडं आहेत. वहीत त्या तिन्ही नोंदी आहेत, झाडांसकट. नागपूर, पुणे, न्यू जर्सी असे पर्याय नंतर आले. न्यू जर्सीच्या वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागली. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा, त्यामुळे तिकडची संकष्टी कधीकधी इकडच्या तारखेला नसतेच.

यातून महिन्यांचं कोडं समोर आलं. छत्तीसगडात पंचांग पौर्णिमान्त आहे, महिना पौर्णिमेला संपतो. मराठी महिना अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्यांची नावं जुळतात आणि कृष्ण पक्षात चुकतात. शेजारच्या छत्तीसगढी घरात सावन सुरू झाला तरी आपल्याकडे अजून आषाढच असतो. छत्तीसगडची हरेली ही सावनची अमावास्या, आपल्याकडे त्याच दिवशी दिव्याची अवस, आषाढातली. पोळा दोघांचा एकाच दिवशी. आपण त्याला श्रावणाची अमावास्या म्हणतो, शेजारी भादोची म्हणतात. मातीचे नंदिया बैल त्याच दिवशी त्यांच्याही दारात फिरतात. आपली हरितालिका आणि त्यांचा तीजा शुक्ल पक्षात, तिथे भांडणच नाही. "श्रावण कधी लागतो?" या प्रश्नाला भालूने सरळ एक तारीख सांगितली तेव्हा ग्रुपवर दोन तट पडले, आणि दोन्ही बरोबर होते. ज्या घरात सून छत्तीसगढी आहे तिथे हा प्रश्न कोणत्या सोमवारपासून मांसाहार बंद करायचा इतका रोजचा असतो.

त्याने नियम लिहिला: सावन श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. काही वर्षं तो चालला. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. उत्तरेकडच्या हिशेबात सावन ४ जुलैला लागला, मध्ये अख्खा अधिक महिना गेला, आणि आपला निज श्रावण १७ ऑगस्टला. पंधरा दिवसांचा फरक दीड महिन्यावर गेला. भालू अत्यंत आत्मविश्वासाने चुकीची तारीख सांगत राहिला. ती चूक एका निवृत्त शिक्षिकेने पकडली. आता भालू दोन्ही तारखा देतो, दोन्ही पंचांगांची नावं देतो आणि कोणती पाळायची ते सांगत नाही.

२०२१ चा एप्रिल वहीत फार दाटीवाटीने लिहिलेला आहे. दुर्ग जिल्ह्यात ६ तारखेपासून लॉकडाऊन लागला. ग्रुपवर रात्रंदिवस एकच विचारणा: खाट कुठे, ऑक्सिजन कुठे, प्लाझ्मा कोण देईल. लोक दहा ठिकाणांहून आलेल्या याद्या टाकत, आणि त्यातले फोन लागत नसत किंवा सिलिंडर संपलेले असत. त्याने भालूला एकच काम दिलं. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी पडताळली आणि किती वाजता, हे लिहिल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही, आणि तीन तास उलटले की आपोआप खोडायचं. यादी कधीकधी रिकामी व्हायची. रिकामी यादी पाहून लोक चिडायचे. तरी त्याने ती रिकामीच ठेवली. श्वास लागलेल्या माणसाच्या मुलाला शिळा नंबर देणं म्हणजे त्याची दहा मिनिटं चोरणं, असं त्याचं ठाम मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

मे महिन्यात लसीसाठी पहारा देणारे बॉट देशभर सुरू झाले. चेन्नईचे प्रोग्रॅमर बर्टी थॉमस यांनी लसनोंदणीच्या कोविन पोर्टलच्या खुल्या माहितीवरून जागा रिकामी झाली की टेलिग्रामवर कळवणारी सोय केली होती. भालूनेही तसं केलं. कोविनच्या नियमानुसार एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभर विचारणा, त्यापलीकडे नाही. पण छत्तीसगडने १८ ते ४४ वयोगटासाठी सीजी टीका हे स्वतःचं पोर्टल काढलं, आणि तरुणांसाठी कोविनवरची नजर इथे निरुपयोगी ठरली. भालूने निव्वळ "जागा नाही" असं सांगत राहणं ही दिशाभूल होती, जागा होत्या, दुसरीकडे. पहारा बंद केला आणि पोर्टलचं नाव लिहून ठेवलं.

वहीतलं एक पान तो कोणाला वाचून दाखवत नाही. वाचायला देतो.

जानेवारी २०२२. मंडळात भजनं म्हणणारे एक काका गेले. मुलगा परगावाहून धावत आला. ग्रुपवर तो नव्हता, कोणीतरी लिंक पाठवली, तो आत आला आणि त्याने बातमी लिहिली. अंत्यसंस्कार रामनगर मुक्तिधामात, अमुक वाजता, आणि रायपूरहून येणाऱ्यांसाठी नकाशाची लिंक. भालूने तो संदेश एका सेकंदात पुसला आणि खाली लिहिलं की नव्या सदस्यांना लिंक टाकता येत नाही, सोबत हसरं चिन्ह. मुलाने पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा भालूने त्याला ग्रुपबाहेर काढलं.

हे कळलं तेव्हा चार तास उलटले होते. प्रशासकांना टेलिग्राम ग्रुपमधल्या अलीकडच्या ४८ तासांतल्या हालचाली पाहता येतात, पुसलेले संदेशसुद्धा. तिथून त्याने मजकूर काढला आणि एकेकाला फोन लावले. काही पोचले. बरेच पोचू शकले नाहीत.

लिंकचा नियम त्याने जाहिरातबाजांसाठी लिहिला होता. पण नव्या सदस्याला फक्त सूचना जायला हवी होती, हकालपट्टी नव्हे. मग हे का झालं? दोन रात्रींनी कारण सापडलं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. २०१६ साली सदस्यांचे क्रमांक ठेवायला त्याने मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चार बाइटचा पूर्णांकाचा रकाना घेतला होता. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढाच आकडा मावतो. क्रमांक ३२ बिटांपेक्षा मोठा असू शकतो हे टेलिग्रामच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. २०२१ च्या सुमारास नव्या खात्यांचे क्रमांक त्या मर्यादेपलीकडे गेले. न मावणारा आकडा आला की मायएसक्यूएल त्याच्या सैल सेटिंगमध्ये तक्रार करत नाही, कमाल आकडा लिहून मोकळी होते. त्यामुळे डेटाबेसमध्ये सगळी नवी माणसं एकाच ओळीवर येऊन बसली. आठवड्यापूर्वी कर्ज देण्याच्या जाहिराती टाकणाऱ्या एकाला भालूने दोषी ठरवलं होतं. भालूच्या लेखी काकांचा मुलगा आणि तो जाहिरातवाला एकच इसम होता.

रकाना बदलायला दहा मिनिटं लागली. त्याने ग्रुपवर सगळं कारण लिहून माफी मागितली, आकड्यासकट, कोणाला समजो न समजो. तेराव्याला घरी गेला. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लोक कमी होते रे. त्यांना लोक आवडायचे."

त्यानंतर भालू काही पुसत नाही. संशयास्पद वाटलेला संदेश तो पाच माणसांकडे पाठवतो. त्यातली तीन इथे आहेत, एक नागपूरला आणि एक अमेरिकेत, म्हणजे इकडे मध्यरात्र असली तरी कोणी ना कोणी जागं असतं. निर्णय ते घेतात. कधी तासभर एखादी जाहिरात ग्रुपवर तशीच राहते. राहू दे.

पुढच्याच काही महिन्यांत ज्या कंपनीकडे बॉट मोफत चालत होता तिने मोफत सेवा बंद केली आणि भालू सेक्टर ६ च्या फडताळावर आला. नवतप्याच्या दिवसांत, मे महिन्याच्या अखेरीस, इथे पारा ४४-४५ वर जातो. रास्पबेरी पायचा मेंदू ८० अंशांच्या पुढे तापला की तो आपोआप वेग कमी करतो. बाबांनी जुन्या रेडिओतली पत्र्याची पट्टी कापून त्याला बसवली. वादळात वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडते, हे दोनदा भोगल्यावर एक छोटा इन्व्हर्टर आणि रोज रात्री दहाची नक्कल, अशी व्यवस्था झाली. दहाची वेळ बाबांनीच ठरवली. पाळी बदलण्याची.

लोक बॉटशी एकट्यानेही बोलतात, हे त्याला अपेक्षित नव्हतं. जोसेफ वाइझेनबॉम यांनी १९६६ साली एमआयटीत एलायझा हा संवादाचा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला तेव्हा त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगू लागली होती. भालूला एलायझाएवढंही बोलता येत नाही, तरी नागपूरला एकट्या राहणाऱ्या एक आजी चंद्रोदयाची वेळ विचारून झाल्यावर खाजगीत लिहितात, "जेवले बरं का बाळा." हे त्याला नोंदी तपासताना दिसलं आणि तो अस्वस्थ झाला. ते त्याच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून भालू खाजगी संदेशांची नक्कल ठेवत नाही. ग्रुपच्या बाबतीत त्याने सगळ्यांना साध्या मराठीत कळवलं आहे की प्रशासक असलेल्या बॉटपर्यंत ग्रुपमधला प्रत्येक शब्द पोचतो, आणि भालू तो शब्द कुठेही साठवत नाही. आजींच्या वाक्याला काय उत्तर द्यायचं यावर घरात चर्चा झाली. आईचं मत पडलं की काही द्यायचं नाही, पण त्यांना महिन्यातून एकदा फोन करायचा. तो फोन आई करते.

आता भालूला नऊ उत्तरं येतात. चाळिसांतून खाली आलेली.

गेल्या पावसाळ्यापासून वहीत दुसरं अक्षर दिसू लागलं आहे. सेक्टर ६ मध्येच वाढलेली, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आठवड्यातले तीन दिवस भालूची पाळी सांभाळते. ती त्याला दादा म्हणते आणि त्याचा प्रोग्रॅम वाचून बेधडक प्रश्न विचारते. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, चंद्रोदयाच्या वेळेखाली रोज गणपतीचं एकच वाक्य कशाला जातं? विचारलेलं नसतं. त्याने ते वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं होतं, भालूला बोलावंसं वाटलं तेव्हाचं एवढं एकच उरलेलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि तिला म्हणाला, काढ. तिने काढलं. कोणी विचारलं नाही, फक्त बाबांनी रात्री चष्मा लावून वही पाहिली आणि तिने नोंद नीट केली आहे ना हे तपासलं.

नोंद अशी आहे. "संकष्टी. भिलाई, नागपूर, पुणे वेळा सायंकाळी ६ ला पाठवल्या. न्यू जर्सीची संकष्टी आज नाही, तसं कळवलं. खालचं वाक्य काढलं, दादांना विचारून. पाऊस आहे, चंद्र दिसणार नाही. तीन जणींनी तरी वेळ विचारली."